रिकामा तळ

आमच्या मॉडेलला लॅबमध्ये सगळे ‘जावईबापू’ म्हणायचे. सगळ्यात थंडगार खोली त्याची, सगळ्यात नवा कॉम्प्युटर त्याचा, आणि इतके लाड करूनही ते कधी कशावरून रुसून बसेल ह्याचा नेम नाही. हे नाव मीच ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याला ते मुळीच खपायचं नाही. पाहुणे आले की तो ‘मत्स्यवर्तनाचं संगणकीय प्रारूप’ असं काहीतरी भारदस्त म्हणायचा, पाहुणे माना डोलवायचे आणि मी मागे उभी राहून हसू दाबायचे. तेव्हा हसू यायचं.

खाडीत एका कंपनीचे मोठमोठे गोल पिंजरे तरंगत असतात. पिंजरा म्हणजे वर प्लास्टिकच्या जाड नळ्यांचं कडं आणि त्याला खाली लोंबणारं जाळं, एखाद्या अवाढव्य पिशवीसारखं. त्या पिशवीत मासे वाढवतात. आम्ही कॉम्प्युटरमध्ये तसाच पिंजरा आणि तसेच मासे केले होते. पडद्यावर प्रत्येक मासा म्हणजे एक निळा ठिपका. प्रत्येक ठिपक्याला मोजके नियम: शेजाऱ्याला धडकायचं नाही, त्याला सोडून फार लांबही जायचं नाही, भूक लागली की खाण्याकडे जायचं, पाण्यातला प्राणवायू कमी वाटला की तिथून हलायचं. एवढ्यावर हजारो ठिपके गोल गोल फिरायला लागतात आणि बघणाऱ्याला ते जिवंत वाटतात. नियम गणितात बसवायचे नवऱ्यानं, ते कॉम्प्युटरच्या गळी उतरवायचे मी, आणि खऱ्या माशांशी ताडून बघायचंही मीच. लोकांसमोर बोलायचं काम त्याचं. ह्या वाटणीबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. चारचौघांत बोलताना मला राग लवकर येतो, आणि राग आला की माझं तोंड सुटतं.

सासूबाई आमच्याचकडे असतात. शेजारीण विचारायची, मुलगा-सून दोघंही काय करतात हो? तर सासूबाई सांगायच्या, “दिवसभर मासे फिरवतात. एवढे मासे फिरवून एक मासा कधी घरी आला असेल तर शपथ.”

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला सलायची. मासे पाण्यात किती खोल आहेत ते मोजणारं एक यंत्र कंपनीच्या बोटीच्या तळाला बसवलेलं होतं. त्याच बोटीतून माशांचं खाणंही जायचं. आम्ही बोटीत बसून पिंजऱ्यांपाशी जायचो, मोजायचो, परत यायचो. दर वेळी मासे वरच्या अर्ध्यात आणि खालचा अर्धा पिंजरा रिकामा. बोटवाला म्हणायचा, “हे असेच वर असतात कायम. खादाड जात.” पण कॉम्प्युटरमधले ठिपके काही केल्या वर राहायला तयार होत नसत. नियमांप्रमाणे वागायला सोडलं की ते खाली गारव्याला जाऊन बसत. शेवटी नवऱ्यानं सुचवलं म्हणून ठिपक्यांना एक जादा नियम दिला. आम्ही त्याला ‘ओढ’ म्हणायचो. वर राहण्याची ओढ. का ओढ, कशाची ओढ, ते विचारायचं नाही. “एकेका जातीचा स्वभाव असतो,” नवरा म्हणाला. ठिपके वर आले, मोजमापाशी जुळले, आणि जावईबापूंचा रुसवा गेला.

कंपनीचा मालक लॅबमध्ये आला तेव्हा नवऱ्यानं त्याला हे सगळं मोठ्या पडद्यावर दाखवलं. निळे ठिपके वर दाटीनं फिरतायत, खाली काळं मोकळं पाणी. मालक बराच वेळ त्या काळ्या पाण्याकडेच बघत होता.

“म्हणजे मी दुमजली घर बांधलं,” तो म्हणाला, “आणि मंडळी वरच्याच मजल्यावर राहतायत?”

“अगदी तसंच,” नवरा म्हणाला.

“मग खाली भाडेकरू ठेवू की!”

सगळे हसले, मीसुद्धा. मालक बोलायला गोड होता, मला ‘मॅडम, मॅडम’ करायचा, आणि माझ्या कोडमधलं काही कळत नसलं तरी विचारायचा. त्या दिवशी ठरलं ते असं: उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक पिंजऱ्यात निम्म्यानं जास्त पिल्लं सोडायची. खाणं टाकायला पिंजऱ्यावर मशीन बसवायची, तिच्याखाली मासे किती खोल आहेत ते मोजणारं यंत्र लावायचं आणि ती मशीन आमच्या मॉडेलच्या हुकमानं चालवायची. मासे वर आले म्हणजे भुकेले आहेत, टाका आणखी. खाली गेले म्हणजे पोट भरलं, थांबा. हे जमलं तर कंपनी आमच्या संस्थेत एक स्वतंत्र केंद्र उघडून देणार होती आणि नवरा त्याचा प्रमुख होणार होता. घरी येताना तो गाडीत गाणं म्हणत होता. त्याचा आवाज वाईट आहे, पण मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत त्याच्या पदरात काहीतरी पडत होतं आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

पुढे बोटीचं इंजिन बिघडलं. बोट दुरुस्तीला गेली, त्यामुळे आमचं मोजमाप बंद पडलं, आणि माशांना खाणं घालायला बोटवाला एक लहानशी वल्ह्यांची होडी घेऊन जाऊ लागला. मला हातावर हात धरून बसवत नाही. कंपनीनं एका पिंजऱ्यात खाली जाळ्यालाच एक कॅमेरा बांधून ठेवलेला होता. जाळं कुठे फाटतंय का ते बघायला. त्याचं रेकॉर्डिंग कुणी बघत नसे. जाळं शाबूत आहे ना, मग झालं. मी म्हटलं, बघू या तरी, आणि ते मागवून घेतलं.

दुपारी जेवण झाल्यावर मी ते लावलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की चुकीची फाइल आली. पडदाभर मासे होते. कॅमेरा खाली, आमच्या त्या रिकाम्या तळाशी बांधलेला, आणि त्याच्यासमोरून मासे चाललेच आहेत, अंगाला अंग लावून, संपतच नाहीत. मी पुढे पुढे नेत बघितलं. सकाळ, दुपार, दुसरा दिवस, तिसरा. वरून खाणं पडलं की थोडे वर जायचे, परत खाली यायचे. वल्ह्यांच्या होडीची त्यांना काही पर्वा नव्हती.

मग शेवटच्या दिवशी, मासे असेच फिरत असताना, सगळा थवा एकदम तिरका झाला आणि वर निघून गेला. कॅमेऱ्यासमोर नुसतं हिरवं पाणी राहिलं. कशाला घाबरले म्हणून मी आवाज मोठा केला. थोड्या वेळानं लांबून इंजिनची घरघर ऐकू आली. बोट दुरुस्त होऊन आली होती. आपल्याला ऐकू यायच्या आधी माशांना ती ऐकू आली होती, आणि बोट म्हणजे खाणं हे त्यांना केव्हाचं पाठ झालेलं होतं. खाणं पडलं, घरघर लांब गेली, आणि पडदा पुन्हा माशांनी भरला.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. इतकी वर्षं आम्ही बोटीत बसून जे मोजत होतो ते माशांचं वागणं नव्हतंच. ते माशांचं आमच्याशी वागणं होतं. पाहुणे दारात आले की घरातली माणसं बाहेरच्या खोलीत जमतात, आणि पाहुण्यानं म्हणावं की ह्यांच्याकडे आतल्या खोल्या रिकाम्याच पडलेल्या असतात, तशातली गत. ती ओढ म्हणजे माशांचा स्वभावबिभाव काही नव्हता. ती आमच्या इंजिनची ओढ होती.

मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो हुशार आहे, नको इतका. थवा तिरका झाला तसा त्याचा चेहरा उतरला, आणि इंजिन ऐकू आलं तेव्हा त्यानं स्वतःच हात पुढे करून रेकॉर्डिंग थांबवलं.

“आणखी कुणाला दाखवलंस?”

“नाही.”

“नको दाखवू. मी बघतो. मालकांशी मी बोलतो.”

“पिल्लं सोडायच्या आधी बोल म्हणजे झालं.”

“अगं, बोलतो म्हटलं ना.”

तो बोलला नाही. मी विचारलं की म्हणायचा, योग्य वेळ बघून सांगायला हवं, असं धाडकन तोंडावर नाही मारता येत. पिल्लांच्या टाक्या खाडीवर येऊन लागल्या तरी योग्य वेळ येत नव्हती. शेवटी कंपनीत मोठी सभा ठरली. मालक, त्याचे अधिकारी, बाहेरून आलेले दोन पाहुणे, आमच्या संस्थेचे संचालक. नवऱ्यानं नवा शर्ट घातला होता. मला खात्री होती, अगदी शेवटपर्यंत खात्री होती, की हा आता सांगणार. त्यानं पडदा लावला आणि ठिपके दाखवले. वरचे निळे, खालचं काळं. “ही सगळी जागा वाया जातेय,” तो म्हणाला.

मी उभी राहिले.

“ती जागा रिकामी नाही,” मी म्हटलं. “आपण बोट घेऊन जातो म्हणून मासे वर येतात. आपली पाठ फिरली की खाली जातात. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. म्हणजे पिंजरा आत्ताच भरलेला आहे. त्यात आणखी मासे टाकले आणि पाणी तापलं, की खाली प्राणवायू पुरणार नाही. मासे गुदमरून वर येतील. आणि मशीनला वाटेल, भूक लागली. ती आणखी खाणं टाकेल. ते खाणं तळाला जाऊन कुजेल आणि उरलासुरला प्राणवायूही खाईल.”

मालकानं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “काय म्हणतायत ह्या?”

नवरा हसला. त्याचं ते हसू मला माहीत आहे. बिल चुकलं की तो हॉटेलात वेटरशी असं हसतो.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “आमच्याकडे हे रोजचंच आहे. मी घरी म्हटलं ना, की चहात साखर कमी पडलीय, तरी ही पुरावा मागते.”

पाहुणे हसले. संचालकही हसले.

“एका कॅमेऱ्याचं चार दिवसांचं रेकॉर्डिंग आहे,” नवरा पुढे म्हणाला. “आम्ही तपासतोय. काळजी करण्यासारखं त्यात काही नाही.”

“वहिनी,” मालक म्हणाला, “घरचं भांडण घरी हो. इथं पाहुणे बसलेत.”

आता तर सगळेच मोकळेपणानं हसले. मी त्याच खोलीत कित्येकदा बोलले होते, तेव्हा मी मॅडम होते. एका वाक्यात वहिनी झाले, आणि वहिनीचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. मी आणखी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, आवाजही चढवला, आणि त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

गाडीत मी म्हटलं, “तू मला सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंस.”

“मी? मी तुला सांभाळून घेतलं. तू काय करायला निघाली होतीस कळतंय का तुला? असं एकट्यात सांगायचं असतं.”

“एकट्यात सांगितलंच होतं.”

“मग मी बघतो म्हटलं होतं ना? तेवढाही धीर नाही. तुला ना, माझं काही बरं झालेलं बघवतच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मॉडेलमधली ओढ काढून टाकली, जादा मासे घातले, पाणी तापवलं आणि मॉडेल चालवून बघितलं. ठिपके खाली गेले, मग हळूहळू वर आले आणि एकेक करून लाल होत गेले. लाल म्हणजे मेलेले, हा रंग आम्ही कधी वापरलाच नव्हता. मी ते घेऊन मालकाच्या ऑफिसात गेले. त्याची सेक्रेटरी चांगली होती, तिनं मला बसवलं, चहा दिला, आणि शेवटी सांगितलं की साहेब म्हणतायत, तुमच्या मिस्टरांकडूनच येऊ दे. मिस्टरांना हे कळलं, आणि पुढच्या आठवड्यात जावईबापूंच्या खोलीचं कुलूप बदललं. मॉडेलचा पासवर्डही बदलला. “थोडे दिवस विश्रांती घे,” संचालक मला म्हणाले. “घरात आणि कामात एकच माणूस समोर असला की ताण येतोच.”

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अगं, पण मासे त्यांचे, पिंजरे त्यांचे. मेले तर मेले. तुझा जीव का वरखाली होतोय?”

“कारण मारणारं मी लिहिलंय, आई.”

“तू एकटीनं थोडंच लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. त्यांना मला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं.

पिल्लं सोडली. वाढली. वर्तमानपत्रात नवऱ्याचा फोटो आला, मागे पिंजरे. मग उन्हाळा चढला आणि वारा पडला. खाडीचं पाणी तेल ओतल्यासारखं निपचित झालं. विश्रांती संपवून मी कामावर परतले होते; तिथल्या खिडकीतून रोज ते पाणी बघायचे आणि मला जेवण जायचं नाही. एका सकाळी बोटवाल्याचा मला फोन आला. साहेब उचलत नाहीयेत म्हणून मॅडमना केला, म्हणाला. “सगळे मासे वर आलेत. इतके मी कधी बघितले नाहीत. पण कसेतरीच करतायत.”

मी धावत गेले आणि बोटवाल्याबरोबर बोटीतून निघाले. लांबूनच दिसलं. पिंजऱ्याच्या कड्याच्या आत पाणी उकळावं तसं हलत होतं. जवळ गेलो तेव्हा इंजिनच्या आवाजानं एकही मासा वळला नाही. सगळे वर तोंड करून, तोंडं उघडत-मिटत उभ्यानं तरंगत होते. कडेकडेनं पांढरी पोटं जमायला लागली होती. आणि पिंजऱ्यावरची मशीन घर्रर्र करत खाणं उडवत होती. मासे वर आले होते ना! मॉडेलच्या हिशोबानं त्यांना इतकी भूक आयुष्यात लागली नव्हती. गोळ्या माशांच्या उघड्या तोंडांवर पडत होत्या आणि तशाच खाली जात होत्या. थोडा वेळ गेला की पुन्हा घर्रर्र.

“ही बंद कर,” मी बोटवाल्याला ओरडले.

“साहेबांनी सांगितलंय, मशीनला हात लावायचा नाही. ती आपोआप चालते.”

“बंद कर म्हणते ना!”

“बटण त्यांच्या ऑफिसात आहे हो मॅडम!”

मी कड्यावर उतरले. ते प्लास्टिक शेवाळानं बुळबुळीत झालं होतं आणि मला पोहता येत नाही. मशीनला जाणारी केबल दिसली तिथे धरली आणि पायाचा रेटा देऊन ओढली. निघाली एकदाची. मग एकदम सगळं इतकं शांत झालं की माशांच्या तोंडांचा आवाज ऐकू यायला लागला, बारीक, चपचप. मी तिथेच बसले आणि रडले. बोटवाला बोटीतच उभा राहिला. पुढच्या पिंजऱ्यावर मशीन चालूच होती. तिथे जाऊन मी तिचीही केबल काढली, आणि तिच्यापुढचीही. फार उपयोग झाला नाही. दुपारपर्यंत खाडीचा तो सगळा भाग पांढरा झाला.

नवरा आला, काठावर उभा राहिला, रुमालानं नाक दाबून. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पाणी फार तापलं. असा उन्हाळा कुणी बघितला नव्हता.”

थोड्याच दिवसांत मालकानं मला बोलावणं पाठवलं. एकटीला. खोलीत तो होता आणि त्याच्यापुढे वाट बघत ठेवलेला माझा चहा होता.

“या मॅडम,” तो म्हणाला. मी पुन्हा मॅडम झाले होते. “तुमचं ऐकायला हवं होतं. मी मोकळेपणानं कबूल करतो.”

मी चहाला हात लावला नाही.

“केंद्र रद्द करायचं माझ्या मनात नाही. उलट आता जास्त गरज आहे. फक्त प्रमुख असा हवा, ज्याच्यावर लोक विश्वास ठेवतील. ज्यानं हे आधी ओळखलं होतं असा.” त्यानं चहा माझ्याकडे सरकवला. “तुम्ही.”

खोटं कशाला सांगू, मला ते हवंसं वाटलं. कुणीतरी शेवटी म्हटलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, नाहीतर चेहऱ्यावर दिसलं असतं.

“विम्याचा माणूस आलाय,” मालक पुढे म्हणाला. “बाहेर बसलाय. तो तुम्हाला एवढंच विचारेल की धोका कुणाला माहीत होता. तुम्ही तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं. खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“आणि त्यांनी ते आमच्यापासून लपवून ठेवलं.”

“मी तुमच्यासमोर बोलले होते. ह्या बाजूच्याच खोलीत. तुम्ही हसला होतात.”

“मॅडम,” तो अगदी हळू, समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, “आम्हाला माहीत होतं असं निघालं, तर विमा मिळणार नाही. विमा नाही मिळाला तर कंपनी बसेल. कंपनी बसली तर केंद्र कुठलं आणि प्रमुख कुठला? त्यांनी तुमचं बोलणं दाबलं, तेच तर सांगायचंय. थोडंसं पुढे नेऊन.”

मी तेव्हा नवऱ्याचा काही कमी राग करत नव्हते. त्याच्या अंगावर सगळं ढकलावं आणि मोकळं व्हावं, असं मला वाटलं नाही असं नाही. तो तसा निर्दोषही नव्हता. पण माझ्या आयुष्यात मी जे एक काम धडपणे केलं होतं, ते म्हणजे त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडावर खरं बोलणं. तेच आता झालं नाही म्हणायचं? मग माझ्याकडे राहिलं काय? विम्याचा माणूस आत आला, वही उघडून बसला. मी त्याला सगळं सांगितलं. नवऱ्याला कधी दाखवलं, सभेत कोण कोण होतं, मी काय म्हणाले, कोण कसं हसलं. मालक मधेच उठून बाहेर गेला. त्यानं दार आपटलं नाही, हळूच लावलं.

संध्याकाळपर्यंत संस्थेत कळलं होतं. केंद्र रद्द. कंपनीचं काम बंद, म्हणजे त्या पैशावर चालणाऱ्या आमच्या दोघांच्याही जागा बंद. मी घरी आले तेव्हा नवरा बाहेरच्या खोलीत बसला होता. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना काहीतरी झालंय एवढं समजलं होतं.

“तुला जागा देत होते, खरं का?” त्यानं विचारलं.

“हो.”

“माझ्यावर घालायचं होतं सगळं, आणि तू नाही म्हणालीस.”

“हो.”

तो डोकं खाली घालून बसला. मला वेडीला वाटलं, आता हा ओशाळेल. निदान एकदा माझ्याकडे बघून, चुकलो म्हणेल. त्याची लाज राखावी म्हणून मी काही केलं नव्हतं, पण खोट्या आरोपातून तर तो वाचला होता. तेवढं तरी त्याच्या लक्षात येईल, असं वाटलं. मी त्याच्यासमोर बसलेसुद्धा.

“अगं, घ्यायचीस ना मग!” तो एकदम ओरडला. “काय मिळवलंस? माझं नाव बुडायचं ते बुडालंच होतं. आणखी थोडं बुडालं असतं, त्यानं काय फरक पडणार होता? केंद्र आपल्या घरात राहिलं असतं. तू पुढे बसली असतीस, मी मागून काम केलं असतं. कुणाला काय कळतंय!”

“मी खोटं सांगायचं होतं? तुझ्याबद्दल?”

“खोटं कसलं त्यात? थोडं इकडचं तिकडे.”

“ह्याचं ऐकायचं होतंस गं,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “घराचा विचार करायचा असतो.”

मी त्याच्याकडे बघत होते. तो रागावलेला होता, पण त्यात कपट काही नव्हतं. हिशोब साधा होता आणि तो मला कसा सुचला नाही ह्याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं.

“माझ्या जागी तू असतास तर?” मी विचारलं.

“तर काय? तुझ्यावर ढकललं असतं,” तो म्हणाला. एक क्षणही थांबला नाही. मग त्याचा आवाज जरा खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. “आणि तुला ते समजलं असतं.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या सभेतही त्यानं माझ्यावरच ढकललं होतं, आणि त्या संध्याकाळी मला घरी सोडून तो पुन्हा बाहेर गेला, त्याला यायला उशीर झाला, तर मी त्याच्यासाठी जेवायची थांबले होते. माझ्याबद्दलचा त्याचा अंदाज कुठेही चुकला नव्हता. मी तोंड मिटलं.